सूर उरला, घर गेले

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या माणसाचे नाव चारपाच वेळा बदलले, आणि बदलताना एकदाही त्याला विचारले नाही, तर त्या घरात त्याची किंमत काय असेल, हे सांगायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचे नेमके हेच झाले आहे. 'बिलबोर्ड' नावाचे तिकडचे संगीत-व्यवसायाचे एक जुने नियतकालिक आहे. कोणती गाणी किती खपली, किती वाजली, याच्या याद्या ते छापते आणि त्या याद्यांवर सगळा बाजार हलतो. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची वेगळी यादी या साप्ताहिकाने १९४२ मध्ये 'हार्लेम हिट परेड' या नावाने सुरू केली. १९४५ मध्ये तिचे नाव 'रेस रेकॉर्ड्स' झाले. म्हणजे गाणे कसे आहे हे सांगायचेच नाही. गाणारा कोणत्या वंशाचा आहे तेवढे सांगायचे! १९४९ मध्ये याच साप्ताहिकातील जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराच्या सूचनेवरून ते अपमानकारक नाव गेले आणि 'र्‍हिदम अँड ब्लूज' हे नाव आले. पुढे १९६९ मध्ये त्याचे 'सोल' झाले, १९८२ मध्ये 'ब्लॅक' झाले, १९९० मध्ये पुन्हा 'आर अँड बी' झाले आणि १९९९ मध्ये त्याला 'हिप-हॉप'ची जोड मिळाली. मध्यंतरी, नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात तर ही यादी छापलीच गेली नाही. गाणी होती, गाणारे होते, ऐकणारे होते. यादी मात्र नव्हती.

गेली कित्येक वर्षे या संगीताबद्दल एक वाक्य सतत ऐकू येते : 'र्‍हिदम अँड ब्लूज संपले.' कोणी त्याचा दोष हिप-हॉपला देतो, कोणी यंत्रांना देतो, तर कोणी 'आजच्या पिढीला गाणे कळत नाही' असे म्हणून मोकळा होतो. मला यांपैकी एकही कारण पुरेसे वाटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या संगीताचा सूर आटला नाही, गळेही कमी झाले नाहीत. ज्या घरात ते वाढले ते घर मोडले. वस्ती, दुकान, नभोवाणी केंद्र, वादकांचा ताफा आणि लहान कंपनी या पाच भिंती एकामागून एक गेल्या. सूर तेवढा बाहेर काढून विकला गेला. तेव्हा ऱ्हास कशाचा झाला, हा प्रश्न आधी नीट विचारला पाहिजे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे भाग आहे. दक्षिण अमेरिकन संस्थानांतील, विशेषतः मिसिसिपीतील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्यांनी जे दुःख गायिले ते 'ब्लूज'. त्याचा आराखडा साधा, बहुधा बारा मापांचा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. या दुःखाला शहरात आल्यावर जो ठेका मिळाला तो 'र्‍हिदम'. टाळी पहिल्या मात्रेवर पडत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, आणि तेवढ्यानेच पाय हलू लागतात. त्यात चर्चमधील भजनाची एक रीतही आहे. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, त्यांची आठवण व्हावी अशीच ही रीत आहे. झीलकऱ्यांवाचून शाहीर एकटा पडतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सगळी कथा त्या झीलकऱ्यांचीच आहे.

हे संगीत शहरात आले कसे? साधारण १९१० पासून १९७० पर्यंतच्या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस अशा शहरांकडे गेली. एवढे मोठे स्थलांतर कापसाच्या मंदीमुळे आणि कारखान्यांतील मजुरीच्या ओढीने तर झालेच, पण झुंडीने होणाऱ्या हत्यांच्या भीतीनेही झाले. गावाकडे अंगणात चालणारी साधी गिटार शहरातील गर्दीत ऐकू येईना, म्हणून ती विजेवर चालू लागली. शनिवारची रात्र नाचण्यात गेली तरी रविवारची सकाळ चर्चमध्येच जायची. रे चार्ल्सने १९५४ मध्ये चर्चच्या चालीवर प्रेमगीत गायिले तेव्हा कित्येक भाविकांना संताप आला. पण त्या संतापातूनच पुढचे 'सोल' संगीत जन्माला आले.

डेट्रॉइटमधील हेस्टिंग्ज स्ट्रीटवरील एका दुकानाची हकीकत मला यासाठी फार बोलकी वाटते. जो व्हॉन बॅटल या कृष्णवर्णीय गृहस्थाने १९४५ मध्ये तेथे तबकड्यांचे दुकान काढले. दुकानाच्या मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. समोर तबकड्या विकायच्या आणि मागे वस्तीतल्याच गवयांच्या तबकड्या करायच्या, असा तो व्यवसाय होता. रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन या विख्यात धर्मोपदेशकाची प्रवचने त्याने तबकड्यांवर आणली. आणि याच धर्मोपदेशकाची चौदा वर्षांची मुलगी चर्चमध्ये गात असे, तिचाही आवाज त्यानेच प्रथम टिपला. ती मुलगी म्हणजे अरीथा फ्रँकलिन! दुकान, चर्च, घर आणि श्रोते हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर होते. मी 'घर' म्हणतो ते हे.

या घराचे पुढे काय झाले? डेट्रॉइटच्या नगररचनाकारांनी हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून 'क्रायस्लर फ्रीवे' हा मोठा मोटाररस्ता नेला. वस्ती पाडली गेली, नाचघरे गेली. व्हॉन बॅटलने १९६० च्या सुमारास आपले दुकान ट्वेल्थ स्ट्रीटवर हलविले. १९६७ च्या उन्हाळ्यात पोलिसांच्या एका धाडीवरून तेथे दंगल पेटली आणि त्या दंगलीत दुकान नष्ट झाले. आतील ध्वनिफितीही गेल्या. संगीताच्या इतिहासात अशा रस्त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. आपण गायकांची चरित्रे वाचतो. ज्या गल्लीने त्यांना ऐकून घेतले त्या गल्लीचे चरित्र कोणी लिहीत नाही.

अर्थात त्या जुन्या घरात सगळे आबादीआबाद होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बहुतेक लहान कंपन्यांचे मालक गोरे होते. मेम्फिसचे डब्ल्यूडीआयए हे नभोवाणी केंद्र १९४९ पर्यंत संपूर्णपणे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम करू लागले आणि बी. बी. किंग तेथे निवेदक होता. पण केंद्राची मालकी गोऱ्यांकडेच होती. रूथ ब्राउन या गायिकेचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेली अटलांटिक कंपनी तिच्या तबकड्यांवर एवढी वाढली की लोक तिला 'रूथने बांधलेले घर' म्हणू लागले. तीच रूथ ब्राउन पुढे मुलांना वाढविण्यासाठी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करीत होती, शाळेची बस चालवीत होती. ध्वनिमुद्रणाचा आणि इतर खर्च तिच्या नावावर मांडल्यामुळे कंपनीच्या वहीत उलट तीच कर्जदार निघाली! तिने वकील गाठला, वर्षानुवर्षे झगडा केला, आणि १९८८ मध्ये कंपनीला जुन्या कलावंतांची कर्जे सोडून रॉयल्टी द्यायला लावली. त्याच झगड्यातून 'र्‍हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली. गायिकेने गळ्याने जेवढे दिले, त्याहून अधिक तिने हिशेब मागून दिले असे मला वाटते.

लुबाडणुकीची पहिली मोठी लाट १९५० नंतर आली. कृष्णवर्णीय गायकाचे गाणे गाजू लागले की तेच गाणे गोऱ्या गायकाकडून जरा गुळगुळीत करून गाऊन घ्यायचे आणि मोठ्या बाजारात उतरवायचे. फॅट्स डॉमिनोचे 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ मध्ये पॅट बूनने गायिले आणि सर्वसाधारण यादीत पहिला क्रमांक पटकावला. लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रूटी'चेही तेच झाले. बिग मामा थॉर्नटनचे 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये गाजले; पण जगाला ते एल्विस प्रेस्लीच्या १९५६ मधील तबकडीमुळे माहीत आहे. येथे एक कायद्याची बाब समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत गाणे नभोवाणीवर वाजले की गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना पैसे मिळतात. ते गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. नभोवाणीच्या बाबतीत आजही तोच नियम आहे. 'हाउंड डॉग' दोन तरुण गोऱ्या गीतकारांनी लिहिलेले होते. बिग मामाने त्यात घातले ते काय? गळा, ठसका, ठेका, हसणे आणि गुरगुरणे. म्हणजे ज्यामुळे ते गाणे 'ते गाणे' झाले ते सगळे तिचे, आणि कायद्याच्या लेखी त्याचे मोल शून्य!

तरीही या संगीताने स्वतःचे घर बांधून दाखविले. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक गंगाजळीतून ८०० डॉलर कर्ज काढले आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात कंपनी सुरू केली. हीच पुढे 'मोटाउन' म्हणून जगप्रसिद्ध झाली. मेम्फिसमध्ये जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्सटन या गोऱ्या भावाबहिणीने बंद पडलेल्या चित्रपटगृहात 'स्टॅक्स' कंपनी थाटली. बाहेर शहरात गोऱ्याकाळ्यांना एका टेबलाशी बसून जेवता येत नव्हते, आणि आत दोन काळे व दोन गोरे वादक 'बुकर टी अँड द एमजीज' या नावाने एका ठेक्यावर वाजवीत होते. ओटिस रेडिंग याच दारातून आत आला. कंपनी वस्तीतच असल्यामुळे रस्त्यावरचे पोर दार ढकलून आत येऊ शकत होते. या एका गोष्टीचे मोल कोणत्याही जमाखर्चात मांडता येणार नाही.

मग हे घर मोडले कसे? स्टॅक्सची कथा चटका लावणारी आहे. १० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि गोऱ्याकाळ्यांना जोडणारा विश्वासाचा धागा तुटला. याच सुमारास स्टॅक्सच्या चालकांना कळले की, वितरणासाठी अटलांटिकशी केलेल्या करारात आपण आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकीच लिहून दिली आहे! अटलांटिक तोवर वॉर्नरला विकली गेली होती. एका सहीने वर्षानुवर्षांची मेहनत परक्याच्या कोठारात गेली. अल बेल या कृष्णवर्णीय संचालकाने हार मानली नाही. १९६९ च्या उन्हाळ्यात त्याने २७ नव्या तबकड्या एकदम काढल्या, आणि १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विशाल क्रीडांगणात एक डॉलर तिकिटावर 'वॉटस्टॅक्स' हा सोहळा भरविला. लाखभर लोक जमले. पण सीबीएसशी केलेला नवा वितरण-करार गळफास ठरला आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये कंपनीला टाळे लागले. १९८९ मध्ये ते चित्रपटगृहही पाडले गेले.

मोटाउन बुडाली नाही. ती निघून गेली. १९७२ मध्ये गॉर्डीने कंपनी लॉस एंजेलिसला हलविली. 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला जाणारा जो वादकांचा ताफा तिच्या शेकडो गाण्यांमागे होता, त्यातील बहुतेक जण डेट्रॉइटलाच राहिले. त्या वादकांची नावे मोटाउनच्या वेष्टनावर प्रथम छापली गेली ती मार्व्हिन गेच्या १९७१ मधील 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, म्हणजे ताफा मोडण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी! पुढे १९८८ मध्ये मोटाउन ६ कोटी १० लाख डॉलरला विकली गेली. ८०० डॉलरचे ६ कोटी झाले याचे कौतुक मलाही आहे. परंतु ते दार ढकलून आत येणारे पोर आता कोठे जाईल, हा प्रश्न त्या व्यवहारात कोणीच विचारला नाही.

याच १९८८ साली नेल्सन जॉर्ज या कृष्णवर्णीय समीक्षकाने 'द डेथ ऑफ र्‍हिदम अँड ब्लूज' हे पुस्तक लिहिले. मोठ्या बाजारात मिसळून जाण्याच्या ओढीत कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या संस्था कोसळल्या, हा त्याचा मुख्य आरोप आहे. १९७२ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी हार्वर्डमधील व्यवसाय-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी 'सोल' संगीताच्या बाजाराचा अहवाल तयार केला होता. त्याचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला याविषयी मतभेद आहेत; पण मोठ्या कंपन्यांची नजर या अंगणाकडे वळली होती, एवढे तर त्यावरून दिसतेच. त्यांच्याजवळ भांडवल होते, वितरण होते. लहान कंपन्या एक तर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या, नाही तर बंद पडल्या.

यानंतर यंत्र आले. १९८० मध्ये बाजारात आलेल्या 'टीआर-८०८' या जपानी ठेकायंत्राने ढोल वाजविणाऱ्याची जागा एका पेटीत बसविली. सनई-तुताऱ्यांसारखी फुंकवाद्ये सिंथेसायझरमध्ये गेली. दहाबारा वादकांचा ताफा पोसण्यापेक्षा एक माणूस आणि दोन यंत्रे स्वस्त पडू लागली. येथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत. चौदा माणसांचे ते पथक होते. आज गावातल्या लग्नाची सुपारी डीजेला जाते. एक टेम्पो, चार पेट्या आणि एक पोरगा एवढ्यात वरात निघते. वडिलांचे क्लॅरिओनेट कपाटावर आहे आणि ते आता रंगकाम करतात. डीजेवाल्या पोराचा मला राग नाही. तोही पोटासाठीच उभा असतो. मला एवढेच दिसते की, वरातीत आवाज वाढला आणि माणसे तेरा कमी झाली. त्या तेरांतील दोघे माझ्या वडिलांकडे शिकत होते.

म्हणून यंत्राला शिव्या देणे मला पटत नाही. मार्व्हिन गेने १९८२ मध्ये त्याच ८०८ यंत्रावर 'सेक्शुअल हीलिंग' हे गाणे केले आणि ते अजूनही ताजे वाटते. स्टीव्ही वंडरने तर सिंथेसायझरला माणसाचा श्वास दिला. पण ही माणसे ताफ्यात वाढलेली होती. त्यांच्या हाती यंत्र आले तेव्हा कानात माणसे होती. पुढच्या पिढीच्या हाती यंत्रच प्रथम आले. त्याला ती काय करणार?

हिप-हॉपला दोष देणे तर मला अन्यायाचे वाटते. ज्यांच्याजवळ वाद्ये नव्हती अशा न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पोरांनी जुन्या तबकड्यांनाच वाद्य केले. हिप-हॉप हे र्‍हिदम अँड ब्लूजचे वैरी नव्हे, पोरच आहे. पण बापाच्या मिळकतीचा हिशेब येथेही लागला नाही. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० मधील तबकडीत क्लाइड स्टबलफील्डने वाजविलेला काही सेकंदांचा ठेका पुढे हजाराहून अधिक गाण्यांत कापून वापरला गेला. गाण्याचा कर्ता म्हणून नाव जेम्स ब्राउनचे. ठेका वाजविणाऱ्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ मध्ये तो वारला. जगातील कोट्यवधी माणसे त्याच्या हातावर नाचली आणि त्यांतील बहुतेकांना त्याचे नाव माहीत नाही. झीलकऱ्याचे नशीब!

राहिली शेवटची भिंत, नभोवाणीची. १९९६ च्या दूरसंचार कायद्यापूर्वी अमेरिकेत एका कंपनीला देशभरात ४० हून अधिक नभोवाणी केंद्रे ठेवता येत नव्हती. कायद्याने ही देशव्यापी मर्यादा उठविली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १२०० हून अधिक केंद्रे आली. पूर्वी गावातला निवेदक गावातल्या गायकाची तबकडी स्वतःच्या जबाबदारीवर लावी. आता दूरच्या कचेरीत ठरलेली यादी शेकडो गावांत वाजू लागली. त्यावर कळस चढविला तो २०१२ मध्ये. 'बिलबोर्ड'ने आर अँड बी-हिप-हॉपच्या यादीचा हिशेबच बदलला. पूर्वी या यादीसाठी त्या संगीताची केंद्रे मोजली जात. आता सगळ्या प्रकारच्या केंद्रांवरील वाजणे आणि इंटरनेटवरील ऐकणेही मोजले जाऊ लागले. म्हणजे वस्तीचा कौल मोजायचा आणि मते मात्र साऱ्या देशाची घ्यायची! परिणाम लगेच दिसला. २०१३ मध्ये रॉबिन थिक या गोऱ्या गायकाचे 'ब्लर्ड लाइन्स' या यादीत १६ आठवडे पहिले होते. त्याच वर्षी सर्वसाधारण 'हॉट १००' यादीत मुख्य गायक म्हणून एकही कृष्णवर्णीय कलावंत पहिल्या क्रमांकावर गेला नाही. १९५८ मध्ये ती यादी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. आणि 'ब्लर्ड लाइन्स'चे पुढे काय झाले? ते मार्व्हिन गेच्या १९७७ मधील गाण्यावर बेतले आहे असा निकाल २०१५ मध्ये ज्यूरीने दिला आणि तो २०१८ मध्ये अपिलातही टिकला. म्हणजे 'संपले' म्हणून ज्याचे तेरावे घातले, त्याच्याच घरातून माल उचलला जात होता.

आता विरुद्ध बाजू. कोणी म्हणेल, 'ऱ्हास कोठे आहे? सिझा या गायिकेची 'एसओएस' ही गीतमालिका २०२२ च्या अखेरीस निघाली आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत दहाहून अधिक आठवडे पहिली राहिली. सिल्क सॉनिक या जोडीच्या जुन्या धाटणीच्या गाण्याला २०२२ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. शिवाय महाराष्ट्रातल्या तुझ्यासारख्या पोराला हे सगळे मोबाइलवर फुकट ऐकायला मिळते, हे काय थोडे आहे?' हे सारे खरे आहे. या गायकांच्या गुणवत्तेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. पण एकेक तारा चमकला म्हणून आभाळ भरले असे होत नाही. पूर्वी चौघापाचांचे गायनगट असत, दहादहांचे ताफे असत. आज यादीत बहुधा एकेकटी नावे दिसतात. एकटा मोठा होऊ शकतो, पण एकट्याकडून पोर शिकत नाही. त्याला शेजार लागतो.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे. ज्या घराचे मी गोडवे गातो ते मुळात बहिष्कारातून उभे राहिलेले होते. गोऱ्यांच्या हॉटेलात, नाट्यगृहात प्रवेश नव्हता म्हणून कृष्णवर्णीयांची वेगळी नाट्यगृहे आणि वेगळी हॉटेले होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दारे उघडली आणि त्यांतील कित्येक जागा ओस पडल्या. मग काय, ते कुंपण परत आणायचे? मुळीच नाही! असे म्हणणाऱ्याला वस्ती माहीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तिने नाव घेतले ते अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून. तेव्हा त्यांचा प्रश्न आपल्याला परका नाही. वस्तीबाहेर पडण्याचा हक्क मिळालाच पाहिजे, त्याविषयी तडजोड नाही. पण वस्तीबाहेर पडणे निराळे आणि वस्ती दुसऱ्याच्या नावे लिहून देणे निराळे. स्टॅक्सने गोऱ्यांबरोबर काम केले म्हणून ती बुडाली नाही. तिची मूळ ध्वनिमुद्रणे करारातील एका कलमाने गेली म्हणून बुडाली. चूक मिसळण्यात नव्हती, मालकी सोडण्यात होती.

मग उपाय काय? बाजाराला दया येईल अशी आशा मी करीत नाही. नभोवाणीवर गाणे वाजले की गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्यालाही पैसे मिळाले पाहिजेत, एवढा साधा कायदा अमेरिकेने केला तरी पुष्कळ होईल. कलावंताने गळ्याइतकाच करारही तयार केला पाहिजे. रूथ ब्राउनने तो धडा घालून दिला आहे. आणि तिसरे म्हणजे शाळा. मेम्फिसमध्ये २००० साली 'स्टॅक्स म्युझिक अकॅडमी' सुरू झाली आणि २००३ मध्ये पाडलेल्या चित्रपटगृहाच्याच जागेवर संग्रहालय उभे राहिले. संग्रहालयात जुन्या वस्तू काचेआड आहेत, ते असोत. मला आशा वाटते ती शेजारच्या अकॅडमीची. तेथे त्या भागातली मुले ट्रम्पेट आणि ढोल शिकतात, एकत्र वाजवितात, चुकतात, आणि चुकलेले दुसऱ्याने सावरून घेतात. मोडलेल्या घराची एक भिंत अशा रीतीने पुन्हा उभी राहू शकते.

'र्‍हिदम अँड ब्लूज मेले' असे म्हणणे सोपे आहे. मेलेल्याचा हिशेब कोणी मागत नाही, हा त्यातला फायदा! म्हणून मी तो शब्द वापरणार नाही. ते संगीत जिवंत आहे, फक्त बेघर आहे. आणि बेघर माणसाला श्रद्धांजलीची गरज नसते. त्याच्या नावाचा सातबारा कोणाकडे गेला, हे शोधून काढण्याची गरज असते.